म्हातारपणी मॉरिशसला राहायला जायचंय? मग आधी एकट्याचा हिशोब मांडा

ठाण्याला गेलो की सोसायटीतलं कुणीतरी हमखास म्हणतं, काय मज्जा आहे बुवा तुमची, रोज समुद्र! तर आधी हेच सांगून टाकते की गेल्या महिन्यात आम्ही समुद्रावर दोनदा गेलो, त्यातलं एकदा पाहुणे आले होते म्हणून. बाकी इथेही दूध उतू जातं, गुडघा दुखतो आणि बँकेचा ओटीपी नेमका हवा तेव्हा येत नाही. मी शाळेत शिक्षिका होते, हे खाजगी कंपनीत. मूळचे आम्ही कराडकडचे, आयुष्य गेलं ठाण्यात, आणि आता चौथं वर्ष चालू आहे मॉरिशसमधल्या कात्र बोर्न नावाच्या गावात, चारी बाजूला ऊस, त्यामुळे पहिल्या दिवशी ह्यांना वाटलं आपण चुकून कराडलाच उतरलो. लोक सारखं विचारतात की कसं जमवलंत, काय काय लागतं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते, जसं आठवेल तसं.

सगळ्यात आधी, चुकीच्या सीझनला येऊन राहा

हनिमूनवाल्या पॅकेजवर आठ दिवस येऊन "इथेच राहू या" असं ठरवायचं नाही. भारतीय पासपोर्टला टुरिस्ट व्हिसा इथे उतरल्यावर फुकट मिळतो, मुंबईहून थेट विमान सहा-साडेसहा तासांत आणतं, त्यामुळे दोन फेऱ्या करायला हरकत नाही. एक फेरी जानेवारी-फेब्रुवारीत, कारण तेव्हा उकाडा, पाऊस आणि वादळांचा सीझन असतो. दुसरी जुलै-ऑगस्टमध्ये, कारण हे बेट विषुववृत्ताच्या खाली असल्यामुळे तेव्हा इथे हिवाळा असतो, आणि वरच्या पठारावर क्यूरपीपला तर आपल्याला स्वेटर घालून बसावं लागतं. हॉटेलात उतरू नका, गावातली खोली भाड्याने घ्या, बसने फिरा, स्वयंपाक करा, एखाद्या दिवशी मुद्दाम दवाखान्यात जाऊन या.

वर्षभर राहून बघायचं असेल तर प्रीमियम व्हिसा म्हणून एक प्रकार आहे, २०२० मध्ये सुरू झालेला. तो एक वर्षाचा असतो, वाढवून मिळतो, त्याला महिना १,५०० डॉलरचं बाहेरच्या देशातलं उत्पन्न आणि हेल्थ इन्शुरन्स दाखवावा लागतो. आम्ही आधी तोच घेतला आणि मला वाटतं तेच शहाणपण झालं, कारण आमच्याबरोबर आलेलं एक जोडपं सातव्या महिन्यात परत गेलं, काही वाईट झालं म्हणून नाही, वहिनींना दुपारी बोलायला कुणी नव्हतं एवढंच.

पैशाचं गणित, इथे बरेच जण गळतात

कायमचं राहायचं तर रिटायर्ड नॉन-सिटिझन नावाचं रेसिडन्स परमिट लागतं. वय ५० च्या वर, परमिट १० वर्षांचं, आणि अट अशी की ठरलेली रक्कम बाहेरच्या देशातून इथल्या तुमच्या बँक खात्यात येत राहिली पाहिजे. ती रक्कम बरीच वर्षं महिना १,५०० डॉलर होती, पण इथे जूनच्या बजेटमध्ये हे आकडे हलतात, म्हणून तुम्ही कागदावर गणित मांडताना २,००० धरूनच मांडा, आणि अर्जाच्या दिवशी इकॉनॉमिक डेव्हलपमेंट बोर्डाच्या साईटवरचा आकडा बघा. हे पैसे सरकारला द्यायचे नसतात हं, ते तुमचेच, खर्चालाच वापरायचे. फक्त यायला हवेत. पण रुपयात हिशोब करा, महिन्याला दीड लाखाच्या पुढे जातो. नुसत्या शिक्षकाच्या पेन्शनवर हे होत नाही, स्पष्टच सांगते. आमचं माझी पेन्शन, ह्यांच्या एफडीचं व्याज आणि ठाण्याच्या फ्लॅटचं भाडं मिळून कसंबसं बसतं. आणि या परमिटवर इथे नोकरी करता येत नाही, त्यामुळे ट्यूशन घेऊन भर घालू वगैरे डोक्यातून काढा.

आता पैसे पाठवण्याची गंमत. तुम्ही भारतात निवासी असेपर्यंत रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस नावाच्या, परदेशी पैसे पाठवायच्या योजनेखाली माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवू शकता, पण आर्थिक वर्षात १० लाख रुपयांच्या वर गेलात की वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे पाठवतानाच घेतलेला आगाऊ टॅक्स, कापला जातो. तो बुडत नाही, रिटर्न भरताना टॅक्समध्ये धरला जातो किंवा परत मिळतो, पण तोवर पैसे अडकतात, आणि आपल्या वयात वर्षभर अडकलेले चार लाख म्हणजे मोठी गोष्ट आहे. ही १० लाखांची मर्यादा प्रत्येक पॅनला वेगळी असते, म्हणून नवरा-बायकोने पहिल्या वर्षी रक्कम वाटून पाठवायची. आम्ही सगळं ह्यांच्या खात्यातून पाठवलं आणि मग सीए साहेबांनी कपाळाला हात लावला.

एकदा राहायच्या इराद्याने देश सोडलात की परकीय चलनाच्या फेमा कायद्याने तुम्ही अनिवासी, आणि मग साधं सेव्हिंग खातं चालवायचं नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करून घ्यायचं. कितीतरी लोक हे करतच नाहीत, "कोण बघतंय" म्हणून. बघतात. एनआरओमधून पैसे बाहेर काढायला एलआरएस नाही आणि टीसीएसही नाही, टॅक्स खात्याचे ठरलेले फॉर्म भरून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत काढता येतात, आपल्यासारख्यांना एवढं कुठलं लागतंय! पण बदल्यात काय जातं तेही ऐका: एनआरओच्या व्याजावर ३० टक्के आणि वर सेस असा टीडीएस कापतात, टीडीएस कापू नका म्हणून ज्येष्ठ भरतात तो फॉर्म चालत नाही, ज्येष्ठांना व्याजावर मिळते ती सूट जाते, सीनियर सिटिझन स्कीममध्ये नवं खातं उघडता येत नाही, पीपीएफ मुदतीपर्यंत चालतं पण पुढे वाढवता येत नाही. म्हणून निघायच्या किमान एक वर्ष आधी सगळ्या ठेवी एका वहीत लिहा आणि दोन्हीकडचा टॅक्स समजणाऱ्या सीएकडे जाऊन बसा. वर्षात १८३ दिवस इथे राहिलात की इथल्या टॅक्सवाल्यांच्या लेखी तुम्ही इथले रहिवासी, भारत-मॉरिशस करार आहे त्यामुळे एकाच पैशावर दोनदा भरायची वेळ येऊ नये, पण त्यासाठी कागद लागतात आणि कागद मागून घ्यावे लागतात, आपणहून कुणी देत नाही.

कागद. माझा जन्माचा दाखलाच नव्हता

आमच्या पिढीतल्या बायकांचं हे ठरलेलं आहे. शाळेच्या दाखल्यावर एक तारीख, घरात आजी सांगायची ती दुसरी, आणि ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात "मुलगी" एवढंच, नावच नाही. परमिटला जन्माचा दाखला आणि लग्नाचा दाखला दोन्ही लागतात, लग्नपत्रिका आणि हॉलचा फोटो चालत नाही. माझं माहेरचं नाव वेगळं, पासपोर्टवर वेगळं, आधारवर मधलं नाव नवऱ्याचं आणि लग्नाच्या दाखल्यावर माझं नाव लग्नात बदललेलं, जे मी आयुष्यात कधी वापरलं नाही. हे सगळं एका रेषेत आणायला आम्हाला आठ महिने लागले, अॅफिडेव्हिट, गॅझेटमध्ये नाव, परत पासपोर्ट. म्हणून ही पायरी सगळ्यात आधी सुरू करा, पैशाच्याही आधी. दाखले हातात आले की त्यांच्यावर अपॉस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा मानला जावा म्हणून लागणारा शिक्का, करून घ्या, आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा. एजंट करून देतात, पण ओरिजिनल कुणाच्या हातात देताय ते बघा. आमच्या एजंटने लग्नाचा दाखला तीन आठवडे हरवला होता, मग म्हणे ड्रॉवरच्या मागे पडला होता.

अर्ज ऑनलाईन असतो. छातीचा एक्स-रे आणि रक्ताच्या तपासण्यांचा मेडिकल सर्टिफिकेटही लागतो.

परमिट कुणाच्या नावावर, हा खरा प्रश्न

इथे जरा थांबून वाचा. बहुतेक घरांत आपोआप असं होतं की नवरा मुख्य अर्जदार आणि बायको त्याच्यावर अवलंबून असलेली म्हणून. स्वस्त पडतं, रक्कम एकाचीच दाखवावी लागते. पण मग बायकोचं इथे राहणं हे नवऱ्याच्या परमिटला टांगलेलं असतं. उद्या त्याला काही झालं, तर तिला दुःखाच्या त्याच महिन्यात इमिग्रेशनच्या खिडकीत उभं राहून आपलं काय ते मांडावं लागणार. आपण मराठी माणसं असलं बोलतच नाही, "अशुभ कशाला बोलायचं" म्हणतो. मी मात्र ह्यांना समोर बसवून विचारलं की आपल्यापैकी आधी कोण जाणार असं धरू या? हे सहा वर्षांनी मोठे आहेत, शुगर आहे, तर उत्तर काय ते दोघांनाही माहीत होतं. मग आम्ही उलटं केलं, माझी पेन्शन माझ्या नावावर आहे, फ्लॅटचं भाडं माझ्या खात्यात वळवलं आणि मुख्य अर्जदार मी झाले. ज्यांना दोघांची रक्कम वेगवेगळी दाखवता येते त्यांनी दोन स्वतंत्र परमिटं काढावीत, खर्च होतो पण झोप लागते. आणि जी व्यक्ती मागे राहील तिला इथे राहायचंय की मुलांकडे जायचंय हे तिला आत्ताच विचारा. ह्यांचं उत्तर आलं "मी तर दुसऱ्या दिवशीच ठाण्याला", आणि माझं आलं "मी इथेच". चाळीस वर्षांच्या संसारात हे मला नवीनच कळलं.

ठरलेली काही वर्षं परमिटवर अटी पाळून राहिलात की पुढे २० वर्षांच्या पर्मनंट रेसिडन्सला अर्ज करता येतो, म्हणून पैसे आल्याच्या बँकेच्या पावत्या पहिल्या महिन्यापासून फाईलला लावत जा.

घर घ्यायचं नाही, भाड्यानेच

परदेशी माणसाला सहसा ठराविक स्कीममध्येच घर विकत घेता येतं, आणि ३,७५,००० डॉलरच्या वरचं घेतलं तर त्यावर रेसिडन्सही मिळतं, ब्रोकर लगेच हेच सांगायला लागतात. पण इथला वारसा कायदा फ्रेंच वळणाचा आहे, मुलांचा हिस्सा कायद्यानेच राखून ठेवलेला असतो, नुसतं मृत्युपत्र करून सगळं बायकोला देता येईलच असं नाही. आपल्या वयात हा गुंता हवाय कशाला? भाड्याने घ्या, आवडलं नाही तर बदला.

कुठे घ्यायचं? उत्तरेला ग्रां बे आणि पश्चिमेला फ्लिक आं फ्लाक ही समुद्राकाठची गावं, ऊन छान, पण भाडं जास्त आणि टुरिस्टांचा गोंगाट. पूर्व किनाऱ्यावर वारा फार. क्यूरपीप उंचावर, थंड आणि ओलं, आमच्या ओळखीतल्या एकांच्या कपाटातल्या पैठणीला बुरशी आली. मधली गावं, म्हणजे कात्र बोर्न, रोझ हिल, वाक्वा, ही म्हाताऱ्यांना बरी. आणि मेट्रो! पोर्ट लुईपासून रोझ हिल, कात्र बोर्न करत क्यूरपीपपर्यंत जाते, आपल्या एल अँड टीने बांधलीये, गुडघे दुखणाऱ्या माणसाला बसपेक्षा खूप सुखाची. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांत घर मिळालं तर गाडी घ्यायची गरजच नाही.

घर बघताना चार गोष्टी बघा ज्या ब्रोकर दाखवत नाही. एक, इथे सूर्य उत्तरेच्या बाजूने फिरतो, त्यामुळे हिवाळ्यात ऊन हवं असेल तर बाल्कनी उत्तरेला हवी, आपली दक्षिण-उत्तरेची सगळी अक्कल उलटी करायची. दोन, पाण्याची टाकी आहे का, कारण पावसाळ्याआधी ऑक्टोबर-नोव्हेंबरकडे पाणी वेळा ठरवून येतं. तीन, खिडक्यांना वादळात बंद करायची झडपं आहेत का. चार, बाथरूमला पायरी आहे का, ही पायरी आमच्या आधीच्या घराला होती आणि त्याच पायरीवर मी मनगट मोडून घेतलं.

गोळ्या जपून आणा

हे फार गांभीर्याने घ्या. मॉरिशस ड्रग्जच्या बाबतीत कडक आहे आणि आपल्याकडे सर्रास घेतल्या जाणाऱ्या झोपेच्या, घाबरल्यावर घ्यायच्या गोळ्या, ट्रामाडॉल, कोडीनवालं खोकल्याचं औषध, हे इथे नियंत्रित यादीत येतं, आधी परवानगी काढल्याशिवाय बॅगेत टाकायचं नाही. बीपी-शुगरच्या गोळ्यासुद्धा मूळ पाकिटात, डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसकट, आणि चिठ्ठीवर कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव हवं, कारण त्याच नावाने इथला फार्मसीवाला शोधून देतो. रोपं, बिया, ताजी फळं आणायची नाहीत, तुळशीचं रोप तर नाहीच, तुळस इथे घरोघरी आहे, शेजारीण देते.

खाजगी हॉस्पिटलं चांगली आहेत, बिलंही चांगली आहेत. भारतातली मेडिक्लेम पॉलिसी बहुतेक वेळा भारतातल्या उपचारालाच चालते, तरी ती बंद करू नका, मोठं ऑपरेशन आलं तर सहा तासांत मुंबई गाठता येते आणि सत्तरीत नवी पॉलिसी कोण देतंय! इथल्यासाठी वेगळा इन्शुरन्स घ्या आणि आधीच्या आजारांचं कलम चष्मा लावून वाचा. अॅम्ब्युलन्सचा, म्हणजे इथल्या सामूचा नंबर ११४, तो फ्रिजवर चिकटवून ठेवा.

बाजार, भाषा आणि इथली मराठी माणसं

इंग्रजी सरकारी कामाला चालतं, पेपर फ्रेंचमध्ये, पण माणसं बोलतात क्रेओल. दहा शब्द आले की दारं उघडतात. बोंझूर, कि मान्येर म्हणजे कसं काय, कोम्ये म्हणजे केवढ्याला, मेर्सी. भाजीबाजार आमच्याकडे बुधवारी आणि शनिवारी, तिथे भेंडीला लालो, कारल्याला मार्गोझ, दोडक्याला पिपांगाय, कोथिंबिरीला कोतोमिली, कढीपत्त्याला कारिपुले, आणि शेवग्याच्या पाल्याला ब्रेड मुरूम. ब्रेड म्हणजे पाव नव्हे, पालेभाजी! ह्यांनी पहिल्या आठवड्यात ब्रेड आणायला म्हणून जाऊन दोन जुड्या पालेभाजी आणली होती. दुपारी भूक लागली तर रस्त्यावर ढोल पुरी खा, डाळ भरलेली पातळ पोळी, पुरणपोळीची तिखट बहीण म्हणा. इथला एक रुपया आपल्या पावणेदोन-दोन रुपयांच्या आसपास, पहिले सहा महिने प्रत्येक गोष्ट गुणून बघितली जाते, मग सुटते ती सवय.

मराठी लोक इथे आहेत हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. १८३४ पासून इंग्रजांनी ऊसमळ्यांवर करारावर मजूर आणले, त्यांत मुंबई बंदरातून आलेली आपली कोकण-साताऱ्याकडची माणसंही होती. पोर्ट लुईला हे मजूर उतरायचे तो आप्रवासी घाट आहे, जागतिक वारसा आहे, आल्यावर पहिल्या आठवड्यात जाऊन या. त्यांच्या पणतवंडांना मराठी बोलता येतंच असं नाही, पण आरत्या पाठ आहेत, आणि रत्नागिरीकडची जाखडी इथे झाकरी म्हणून नाचतात. गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, २०२४ आणि २०२५ ला ती चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी होती, म्हणजे विसर्जनाला! कास्कावेलच्या बाजूला मराठी वस्ती जुनी आहे. पहिल्या गणपतीला आम्ही तिथे गेलो, एका आजींनी माझा हात धरून क्रेओलमध्ये काहीतरी विचारलं, मला कळलं नाही, मग त्यांनी "जेवला?" एवढाच शब्द मराठीत काढला. एक विनंती, तिथे जाऊन त्यांचं मराठी सुधारायला लागू नका. आपल्याकडच्या काही लोकांना ती खोड असते.

वादळ आलं की

सीझन साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. इशारे चार पायऱ्यांचे, क्लास वन ते फोर, आणि क्लास थ्री लागला की घराबाहेर पडायचंच नाही. टाकी भरून ठेवा, बादल्या भरा, औषधं पंधरा दिवसांची, टॉर्च, गॅसचा भरलेला सिलिंडर. आपण फक्त वाऱ्याला घाबरतो, पण जानेवारी २०२४ मध्ये बेलाल नावाचं वादळ आलं तेव्हा पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून पाण्याने गाड्या वाहून नेल्या. म्हणून सखल भागात तळमजल्याचं घर नको, कितीही स्वस्त असो.

भारतातलं मागे काय ठेवायचं

भारतातलं सिम चालू ठेवा, रोमिंगसकट, ओटीपी त्यावरच येतात. हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये, फोनवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण होतं, नाहीच झालं तर पोर्ट लुईच्या भारतीय हायकमिशनमध्ये सही-शिक्का मिळतो, पण आपली पेन्शन देणारी ट्रेझरी कुठला प्रकार मानते ते निघायच्या आधीच लेखी विचारून घ्या. भारतातल्या मालमत्तेचं मृत्युपत्र भारतात करून या. घड्याळ फक्त दीड तास मागे आहे, अमेरिकेतल्या मुलांपेक्षा ठाण्यातल्या बहिणीशी बोलणं सोपं, तिचे रात्रीचे आठ म्हणजे आमचे साडेसहा.

आणि शेवटच्या प्रवासाचंही बोलून ठेवा. इथे हिंदू समाज मोठा आहे, अग्निसंस्काराची सोय आहे, इथेच की भारतात, हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या करून मुलांना फोटो पाठवा. आम्ही तो कागद केला त्या दिवशी हे दुपारभर गप्प होते, मग संध्याकाळी उठून म्हणाले, मला वरण-भाताचा कुकर लावायला शिकव. आता मंगळवार आणि शुक्रवारचा स्वयंपाक त्यांचा असतो आणि बँकेचं लॉगिन, पैसे मागवणं, परमिटची फाईल हे माझ्याकडे. शिट्ट्या अजून मोजता येत नाहीत, भाताचा लगदा होतो, पण लोणचं असलं की जातो.